छाटणीची तारीख

आमच्या ख्रिस्ती मंडळीत साक्ष देण्याची एक ठरलेली रीत आहे. माणूस उभा राहतो, आधी संकट सांगतो, मग प्रार्थना सांगतो, मग सुटका सांगतो आणि प्रभूचे आभार मानून खाली बसतो. मीही अशी साक्ष दोनदा दिली आहे आणि दोन्ही वेळा ती अर्धीच होती. सुटकेनंतर त्या माणसाचे पुढे काय झाले, हे विचारण्याची आमच्यात पद्धत नाही. दुःखात देवावरचा विश्वास कसोटीला लागतो असे आपण म्हणतो आणि ते खरेच आहे. माझा विश्वास दुःखात पुष्कळ हेलकावला, तरी हातून गेला नाही. तो गेला बाग भरून आली तेव्हा, आणि गेल्याचे मला जवळजवळ दोन वर्षे कळलेही नाही.

मी मिरज तालुक्याच्या पूर्व भागातला. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या मिशन रुग्णालयात माझे आजोबा वॉर्डात काम करीत. ख्रिस्ती विश्वास आमच्या घरात तिथून आला. जमीन पुढे वडिलांनी पै पै जोडून घेतली. ती होती माळाची, आणि म्हैसाळ योजनेचे पाणी फिरल्यावरच तिच्यात द्राक्षे लावण्याचे धाडस आम्हाला झाले. मी माध्यमिक शाळेत तीस वर्षे मराठी शिकवले आणि निवृत्त झाल्यावर पूर्ण वेळ बागेत उतरलो. बाग अडीच एकर. बांधाला बांध लागून आबांची बाग आहे. आबा वारकरी, आम्ही ख्रिस्ती. इतक्या वर्षांत आमचे भांडण एकदाच झाले, तेही पाण्याच्या पाळीवरून.

द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, हे इकडच्या वाचकाला सांगायला नको, पण पुढचे सगळे त्यावरच उभे असल्यामुळे सांगतो. माल उतरल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करतात आणि पावसाळा सरता सरता, ऑक्टोबरच्या मागेपुढे, फळ छाटणी. या दुसऱ्या छाटणीच्या तारखेवर बागायतदाराचे सारे वर्ष टांगलेले असते. लवकर छाटावी तर माल आधी बाजारात जातो आणि दर बरा मिळतो, पण परतीचा पाऊस नेमका कोवळ्या घडांवर पडण्याची भीती राहते. उशिरा छाटावी तर पावसातून सुटका होते, पण सगळ्यांचा माल एकदम आल्यावर दर पडतो. तारीख कोणालाच नक्की सांगता येत नाही, आणि ती सांगणारी माणसे मात्र गावोगाव आहेत. मीही त्यांच्यातला एक झालो, त्याचीच ही गोष्ट.

२०१९ साली मी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात छाटली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला होता. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पत्नीच्या माहेरची माणसे दहा दिवस आमच्याकडे राहिली. पुराचे पाणी आमच्या माळावर येणे शक्यच नव्हते, त्यामुळे संध्याकाळच्या प्रार्थनेत पूरग्रस्तांसाठी मी जे मागत होतो त्यात कोरड्या जागी बसलेल्या माणसाची थोडी ऐट होती, हे आता कबूल केले पाहिजे. दोन महिन्यांनी पाऊस आमच्याकडेही आला, फक्त नदीतून न येता वरून आला. ऑक्टोबर सरला तरी तो सरेना, नोव्हेंबर उजाडला तरी ढग हलेनात. घड पोंग्यातून, म्हणजे कोवळ्या फुटीतून, बाहेर पडत होते आणि पुढे फुलोऱ्यात आले, अशा नेमक्या नाजूक दिवसांत पाने रात्रंदिवस ओली राहिली आणि डाऊनी हा बुरशीचा रोग शिरला. चिखलात ट्रॅक्टर जाईना, म्हणून नळी ओढत हाताने फवारले. सकाळी फवारलेले औषध दुपारी धुऊन जाई आणि संध्याकाळी पुन्हा फवारावे लागे. जे घड डाऊनीतून वाचले ते कुजून गळाले. नोव्हेंबरच्या मध्याला मी एका ओळीत वेलीमागून वेल मोजत गेलो. तीस-पस्तीस घडांच्या वेलीवर कुठे चार, कुठे पाच उरले होते. सोसायटीचे कर्ज आणि औषधांच्या दुकानातली उधारी मात्र पुरी होती.

त्या दिवसांत घरी प्रार्थनासभा झाली. एका ज्येष्ठ बंधूंनी मायेने, पण सगळ्यांसमोर, मला आत्मपरीक्षण करण्यास सुचविले. बायबलमधल्या दुःखाने ग्रासलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले तोवर बरे होते, बोलायला लागले आणि बिघडले, हे मी अनेक वेळा वाचले होते. त्या रात्री त्याचा अर्थ कळला. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी येशूला विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, आणि प्रभूने तो हिशोबच नाकारला होता. हे मी त्या बंधूंना सांगायला हवे होते. मी रागाने चहा आणायला आत गेलो.

स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करणे मला पुढे कित्येक आठवडे जमले नाही. म्हणून मी स्तोत्रे मोठ्याने वाचू लागलो, तीही तक्रारीची. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहते, त्याला उजळ शेवट नाही. असे स्तोत्र कोणी पवित्र शास्त्रात राहू दिले याचेच मला त्या काळात मोठे समाधान वाटे. हबक्कूक संदेष्टा म्हणतो की अंजिराला कळी आली नाही, वेलींना फळ लागले नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. त्यातला 'वेलींना फळ लागले नाही' इथपर्यंतचा भाग मी मनापासून वाचत असे आणि पुढचा भाग नुसताच वाचत असे.

डिसेंबरात आमच्या मंडळीचा कापणीचा सण आला. लोक शेतातले पहिले फळ वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासना संपल्यावर आवारात त्या जिनसांचा लिलाव होतो. काय न्यावे हा प्रश्नच होता. पत्नीने कुंपणावर आपोआप उगवलेला एक लाल भोपळा उचलला आणि पुसून घेतला. मला लाज वाटत होती, ती म्हणाली, "अहो, लावला आपण नाही, पाणी आपण घातलं नाही. पूर्ण त्याचाच आहे, त्यालाच देऊ." लिलावात त्या भोपळ्याची बोली चढत चढत अकराशेवर गेली. घेणाऱ्याने तो पुन्हा दान केला, पुन्हा बोली लागली. सगळ्यांना आमच्या बागेची कथा ठाऊक होती, म्हणून हे चालले होते, हे मला कळत होते आणि ते मला आवडत नव्हते. दया स्वीकारण्याला नम्रता लागते आणि ती माझ्याजवळ बेताचीच होती.

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली. खरड छाटणी घरच्या माणसांनीच केली. या छाटणीत वेल अगदी बोडकी होते, काडीवरचे फुटीचे एकेक-दोन डोळे राखून सगळे कापून टाकावे लागते. त्यानंतर मे-जूनमध्ये नव्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड तयार होतात. सूक्ष्मदर्शकाशिवाय ते दिसत नाहीत. ऑक्टोबरची छाटणी त्यांना फक्त बाहेर बोलावते. मी शेतकरी असून त्या उन्हाळ्यात वेलींकडे नीट पाहतही नव्हतो. पाणी सोडायचे म्हणून सोडत होतो.

सप्टेंबरात सांगली जिल्ह्यात करोनाची मोठी लाट होती आणि तीत मी सापडलो. मिरजेतल्या एका रुग्णालयात अकरा दिवस प्राणवायूवर होतो. डॉक्टरांनी पालथे झोपायला सांगितले होते. त्यात मान एका बाजूला वळवावी लागे आणि माझ्या खाटेच्या त्या बाजूला भिंत होती. यहूदाचा हिज्कीया राजा मरणाच्या दुखण्याने पडला तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड फिरवून प्रार्थना केली, हे बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथात मी मुलांना शिकवले होते, पण भिंत इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. तिच्यावरचा रंगाचा एक पोपडा आजही डोळ्यांपुढे आहे. मी मोठे काही मागितले नाही. श्वास आत घेताना 'प्रभू' आणि सोडताना 'येशू' एवढेच म्हणत होतो, तेही नेहमी पुरे होत नसे. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ चौथ्या रात्री गेले. त्यांचे घरचेही प्रार्थना करीत असणार. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे साक्ष देताना मी त्यांना वगळले. ते असले की माझ्या सुटकेची गोष्ट सरळ उभी राहत नव्हती.

पण त्या अकरा दिवसांत देव मला जसा जवळचा वाटला तसा आधी कधी वाटला नव्हता, हेही तितकेच खरे. हातात काहीच नव्हते. ना तारीख, ना औषध, ना वही. विश्वास ठेवण्यावाचून दुसरे कामच नव्हते, आणि तो सोपा झाला होता.

आता मूळ मुद्दा. त्या वर्षी फळ छाटणी पाच ऑक्टोबरला करायचे मी ठरवले होते. मजुरांच्या टोळीशी बोलणे झाले होते. मी दवाखान्यातून आलो तो आधार घेतल्याशिवाय उभे राहता येत नव्हते; पत्नी आणि मुलगा घरातच अलग होते; टोळी आमच्या अंगणात पाय ठेवायला तयार नव्हती आणि त्यांची भीती चुकीची नव्हती. दूध आणि भाजी आबा फाटकाशी ठेवून जात आणि लांबून हाक मारत. पाच तारीख गेली, दहा गेली. मी अंथरुणावर पडून देवाशी भांडत होतो की एक वर्ष पावसाने नेले, दुसरे दुखण्याने नेतोस. मग १४ ऑक्टोबरला पश्चिम महाराष्ट्रात अतिवृष्टी झाली. ज्यांच्या बागा आधी छाटल्या होत्या त्यांचे पोंगे त्या पावसात सापडले. आमच्या बागेत पावसाने नासावे असे काही नव्हतेच. पाऊस ओसरल्यावर आबांनी टोळीची समजूत घातली, स्वतः बांधावर उभे राहिले आणि वीस तारखेपासून आमची छाटणी झाली. वेलीच्या डोळ्यांना फुटीसाठी पेस्ट लावण्यापासून पहिल्या चार फवारण्यांपर्यंत सगळे त्यांनी पाहिले. मी खिडकीतून पाहत होतो.

बाग अशी फुटली की मलाच खरे वाटेना. उशिराचा माल म्हणून बेदाणाच करायचे ठरले. मार्चमध्ये घडांत साखर भरली, तेव्हा ते पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरले. दोन आठवडे ऊन कडक आणि हवा कोरडी राहिली. चार किलो द्राक्षांतून साधारण एक किलो बेदाणा निघतो. आमचा निघाला तो हिरवट-पिवळा, एकसारख्या मण्यांचा. सौद्यात चांगला दर मिळाला. सोसायटीचे कर्ज फिटले, दुकानाची उधारी फिटली. मंडळीत साक्ष दिली आणि ती देताना डोळ्यांत पाणी आले, ते खोटे नव्हते.

२०२१ मध्ये मी पुन्हा उशिरा छाटली. डिसेंबरच्या सुरुवातीला अवकाळी पाऊस झाला, त्यातूनही बाग बऱ्यापैकी निभावली. दोन वर्षे हात दिला म्हटल्यावर लोक विचारू लागले. आधी मी "देवाची कृपा" म्हणत असे. मग "देवाची कृपा, आणि थोडा अंदाज" म्हणू लागलो. पुढे कृपा गळाली. २०२२ च्या पावसाळ्यात द्राक्ष बागायतदारांच्या एका मेळाव्यात मला बोलावले आणि तिथे मी पाऊण तास बोललो. पाच-सहा वर्षांच्या परतीच्या पावसाचा अभ्यास करून २०२० साली मी छाटणी जाणीवपूर्वक पंधरा दिवस पुढे ढकलली, असे मी माइकवर सांगितले. सांगताना मला ते खोटे वाटले नाही. हेच मला आजही सर्वांत भीतीदायक वाटते. फवारणीच्या वहीत २०२० च्या पानावर मी मागाहून तसे लिहूनही ठेवले होते.

या काळात मी देवळात जात नव्हतो असे नाही. उलट दशांश, म्हणजे मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा, वाढला. देवळाला सहा पंखे दिले आणि त्यांच्या पात्यांवर घराण्याच्या नावाने 'सप्रेम भेट' असे रंगवून घेतले. पंखा फिरू लागला की ते वाचता येत नाही, म्हणून मी उपासनेला थोडा लवकर जात असे. हसू येते, पण गेलो आहे.

मेळाव्यानंतर नाशिककडचे काही बागायतदार आमची शेड पाहायला आले. त्यांना मी सगळे दाखवले. रॅक, जाळ्या, प्रतवारीचे यंत्र, कोल्ड स्टोरेजच्या पावत्या, नवीन घराचा जिना, मुलाने घेतलेली गाडी. पत्नीने पुरणपोळीचे जेवण केले. त्याच आठवड्यात संध्याकाळच्या प्रार्थनेत यशयाचे वाचन चालू होते आणि ओळीने एकोणचाळीसावा अध्याय आला. मुलगा वाचत होता. हिज्कीया बरा झाल्याचे ऐकून बाबेलच्या राजाने दूत पाठवले. राजाने त्यांना सोने, रुपे, सुगंधी द्रव्ये, शस्त्रागार, सारे दाखवले, न दाखवलेले असे घरात काही उरले नाही. मग संदेष्टा येऊन विचारतो की ते लोक कुठून आले होते आणि त्यांनी तुझ्या घरात काय पाहिले.

वाचन संपल्यावर आमच्याकडे घटकाभर शांत बसतात. पत्नी म्हणाली, "नाशिकची माणसं आली होती, त्यांना तुम्ही सगळं दाखवलंत. दवाखान्याची फाईल तेवढी दाखवली नाहीत."

तिने टोमणा मारला नव्हता. तिच्या बोलण्यात टोमणा नसतो, म्हणूनच ते लागते. मी रात्री वही काढली. हिज्कीयाविषयी बायबलच्या 'दुसरा इतिहास' या पुस्तकात एक वाक्य आहे, की दूत आले त्या प्रसंगी त्याच्या मनात काय आहे ते कळावे म्हणून देवाने त्याला सोडून पाहिले. दुखण्यात देवाने त्याला सोडले असे कुठे लिहिलेले नाही. सोडले ते पाहुणे आले तेव्हा. आणि हा काही हलका राजा नव्हता. त्याने नगरात पाणी आणण्यासाठी खडकातून जो बोगदा खोदवला तो सुमारे ५३३ मीटरचा आहे आणि यरुशलेमेत अजून आहे. पाण्यासाठी तळमळलेल्या आमच्यासारख्या मुलखाने त्याला मानाचे पान द्यावे. भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडलेला माणूस त्याच घराची दारे उघडून खजिना दाखवतो, यात मला विसंगती दिसत असे. त्या रात्री दिसली नाही. वहीतले 'हवामान पाहून' हे शब्द खोडले आणि वर लिहिले, 'आजारामुळे. आबांनी केली.'

एक गोष्ट इथे जपून सांगितली पाहिजे. माझी बाग वाचावी म्हणून देवाने मला आजारी पाडले, असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर १४ तारखेच्या पावसात ज्यांच्या बागा गेल्या त्यांना काय सांगायचे, आणि २०१९ साली माझी गेली व उशिरा छाटणाऱ्यांची राहिली, तिचे काय? शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांचे काय? कोणाचे का गेले आणि कोणाचे का राहिले याचा हिशोब माझ्याजवळ नाही आणि तो मागण्याची पूर्वीसारखी घाईही नाही. मला एवढेच ठाऊक आहे की ज्या महिन्याविषयी मी देवाशी भांडत होतो त्याच महिन्याचे श्रेय नंतर मी स्वतः घेतले. भांडताना निदान तो समोर आहे असे मी धरून होतो.

दुसऱ्या दिवशी आबांकडे गेलो. मेळाव्यातले बोलणे सांगितले आणि माफी मागितली. ते काडीबांधणीची सुतळी सोडवत बसले होते. म्हणाले, "मला कवाच कळलंय सर. माझा पुतण्या हुता की तितं." मी विचारले, मग बोलला का नाही? तर म्हणाले, "बोलून काय करायचं? तुमी लई आजारी हुता. जगलाय त्यात आलं सगळं." आणि सुतळीचे दुसरे टोक माझ्या हातात दिले. आम्ही तासभर सुतळी गुंडाळली.

पुढच्या वर्षी त्याच मेळाव्याचे पुन्हा बोलावणे आले. जाऊ नये असे वाटत होते. पत्नी म्हणाली जा. या वेळी मी दहाच मिनिटे बोललो आणि २०२० ची हकिकत होती तशी सांगितली, अगदी भोपळ्यापासून. काही लोक हसले, विनोद समजून. समोरच्या रांगेत एक तरुण वही उघडून बसला होता. त्याने हात वर केला आणि विचारले, "सर, ते सगळं बरोबर, पण यंदा छाटणी कधी घ्यायची?"

मी म्हणालो, ते मला माहीत नाही. त्याने पेनाला टोपण लावले.